विश्लेषण : समीक्षकांकडून ‘नापास’, श्रोत्यांकडून ‘पास’… ‘ब्लॅक सॅबथ’च्या पहिल्या अल्बमवरून साडेपाच दशके वाद का सुरू आहे?

एका दिवसात ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम १९७० मध्ये समीक्षकांनी जवळपास झिडकारला होता. श्रोत्यांनी मात्र तो उचलून धरला आणि पुढे त्यालाच हेवी मेटल संगीताचा पाया मानले गेले. तरीही तो खरेच श्रेष्ठ आहे का, यावर श्रोत्यांमध्येच आजही एकमत नाही. या मतभेदांमागे नेमके काय आहे, याचा आढावा.

अल्बम कधी आणि कसा तयार झाला?

‘ब्लॅक सॅबथ’ हे बँडचे नाव, पहिल्या अल्बमचे नाव आणि त्यातील पहिल्या गाण्याचेही नाव. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या अ‍ॅस्टन या कामगार वस्तीच्या परिसरातील चार तरुणांचा हा बँड. गायक ऑझी ऑस्बर्न, गिटारवादक टोनी आयोमी, बेस गिटारवादक आणि गीतकार गीझर बटलर आणि ड्रमवादक बिल वॉर्ड. सुरुवातीला ते ‘अर्थ’ या नावाने ब्लूज वाजवत. त्याच नावाचा दुसरा बँड असल्याने नाव बदलणे भाग पडले. बोरिस कार्लॉफ यांची भूमिका असलेल्या १९६३ मधील एका भयपटाचे नाव त्यांनी घेतले. घाबरण्यासाठी लोक तिकीट काढून चित्रपटगृहात जातात, तर मग घाबरवणारे संगीत का करू नये, असा त्यामागे सरळ विचार होता.

१६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनमधील रीजंट साउंड स्टुडिओत निर्माते रॉजर बेन यांच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रण झाले. हाताशी केवळ फोर-ट्रॅक यंत्रणा आणि सुमारे ६०० पौंडांचा खर्च. चौघांनी क्लबमध्ये वाजवतात तसेच एकत्र वाजवले, ऑस्बर्न यांनी त्याच वेळी बाजूच्या कक्षात उभे राहून गायले. दुरुस्त्यांना फारसा वेळच नव्हता. पाऊस, मेघगर्जना आणि चर्चच्या घंटेचा आवाज नंतर जोडण्यात आला. १३ फेब्रुवारी १९७० रोजी ‘व्हर्टिगो’ कंपनीने अल्बम ब्रिटनमध्ये प्रकाशित केला. तो दिवस शुक्रवार होता. पाश्चात्त्य समजुतीनुसार १३ तारखेचा शुक्रवार अशुभ!

समीक्षकांना काय खटकले?

जवळपास सर्वच. अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकात लेस्टर बँग्ज यांनी या अल्बमची खिल्ली उडवली. एरिक क्लॅप्टन यांच्या ‘क्रीम’ या बँडची ही निकृष्ट नक्कल आहे, अशी त्यांची मांडणी होती. न्यूयॉर्कमधील प्रभावी समीक्षक रॉबर्ट ख्रिस्टगाऊ यांनी अल्बमला ‘सी वजा’ अशी श्रेणी दिली. शाळेच्या प्रगतिपुस्तकात जेमतेम उत्तीर्ण विद्यार्थ्याला मिळते तशी.

हे आक्षेप समजून घ्यायचे तर तो काळ पाहावा लागतो. वुडस्टॉकचा संगीत महोत्सव ऑगस्ट १९६९ मध्ये, म्हणजे या ध्वनिमुद्रणाच्या दोनच महिने आधी झाला होता. रॉक संगीत प्रगल्भ होत असल्याची, त्यातून नवा समाज घडेल अशी चर्चा होती. समीक्षकांच्या मोजपट्टीवर कौशल्यपूर्ण वादन, काव्यात्म शब्द आणि नावीन्य हे निकष होते. त्या मोजपट्टीवर एकाच स्वरावलीची संथ पुनरावृत्ती, अंधारलेले शब्द आणि सपाट, विव्हळणारा गायकाचा आवाज बसणे कठीणच होते. पुन्हा त्यातील दोन गाणी इतरांची. ‘ईव्हिल वुमन’ हे अमेरिकेतील ‘क्रो’ या बँडचे, तर ‘वॉर्निंग’ हे एन्स्ली डनबार यांच्या बँडचे.

मग श्रोत्यांना काय भावले?

ब्रिटनच्या विक्री यादीत अल्बम आठव्या स्थानापर्यंत गेला. त्याच वर्षी जूनमध्ये तो अमेरिकेत आला, तिथे २३ व्या स्थानी पोहोचला आणि एक वर्षाहून अधिक काळ यादीत राहिला. पुढे अमेरिकेत त्याची विक्री दहा लाखांच्या वर गेली.

समीक्षक ज्याला ‘ओबडधोबड’ म्हणत होते, ते बर्मिंगहॅमसारख्या कारखान्यांच्या शहरातील तरुणांना परके नव्हते. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकीच्या खुणा अ‍ॅस्टनच्या गल्ल्यांमध्ये पुढेही बरीच वर्षे होत्या. चारही वादक अशा वस्त्यांतून वाढले. ऑस्बर्न यांनी कारखान्यात मोटारीचे हॉर्न जुळवण्याचे काम केले, नंतर कत्तलखान्यातही. ‘प्रेम आणि शांती’ची गाणी त्यांच्यापर्यंत पोहोचत होती, पण त्या गाण्यांतील जग त्यांच्या घराबाहेर दिसत नव्हते. त्यांच्यासारख्याच असंख्य श्रोत्यांना या अल्बममध्ये आपल्या परिसराचा आवाज ऐकू आला.

हा केवळ भावनिक तर्क नाही. कारखान्याचा या संगीताशी अक्षरशः शारीरिक संबंध आहे. आयोमी १७ वर्षांचे असताना पत्रे कापण्याच्या कारखान्यात कामाला होते. नोकरीच्या शेवटच्याच दिवशी, गैरहजर सहकाऱ्याच्या जागी यंत्रावर उभे राहावे लागले आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे. म्हणजे गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका हाच. वादन संपले, असेच सर्वांना वाटले होते. तेव्हा कारखान्यातील वरिष्ठाने त्यांना जँगो राइनहार्ट यांची तबकडी ऐकवली. आगीत हात भाजल्यानंतर दोन बोटे निकामी झालेली असतानाही जगाला थक्क करणारे हे जाझ गिटारवादक. मग आयोमी यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे बनवली, त्यावर चामडे चिकटवले. तारा हलक्या घेतल्या. टोपणांमुळे तारेचा स्पर्श जाणवत नसे, म्हणून वादनाची पद्धतच बदलावी लागली. मोजक्या स्वरांचे, ठाशीव, जड वादन त्यातून घडत गेले. समीक्षकांना जो साधेपणा उणा वाटला, त्यामागे एका जखमी हाताने शोधलेली वाट होती.

तीन स्वरांत एवढी भीती कुठून आली?

अल्बमची सुरुवात पाऊस आणि घंटेने होते आणि मग गिटार तीन स्वर वाजवते. ‘रिफ’ म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी स्वरावली. इथली रिफ आपल्याकडच्या भाषेत सांगायची तर अशी : आधी षड्ज, मग वरचा षड्ज आणि तिथून खाली येऊन तीव्र मध्यम. शेवटचा स्वर थरथरत ठेवला जातो आणि पुन्हा सुरुवात. बटलर त्या काळात गुस्ताव होल्स्ट यांच्या ‘द प्लॅनेट्स’मधील मंगळ ग्रहावरील रचना वाजवत असत, तिचा प्रभाव या स्वरावलीवर असल्याचे सांगितले जाते.

षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातील अंतराला पाश्चात्त्य संगीतात ‘ट्रायटोन’ म्हणतात. जुन्या शास्त्रकारांनी त्याला ‘संगीतातील सैतान’ असे नाव दिले होते. चर्चने या स्वरांवर बंदी घातली होती, वाजवणाऱ्याला शिक्षा होत असे, ही लोकप्रिय गोष्ट मात्र दंतकथाच समजावी. हे अंतर टाळावे, असे रचनेचे नियम होते, इतकेच.

भारतीय श्रोत्याला इथे प्रश्न पडू शकतो. तीव्र मध्यम तर यमनमध्येही आहे, तिथे तो भीतीदायक का वाटत नाही? कारण तिथे पंचम शेजारी असतो, स्वर तिथे विसावतो. पंचम वर्ज्य असलेल्या मारवा किंवा पुरियात मात्र हाच स्वर हुरहुर लावतो. ‘ब्लॅक सॅबथ’ने तर त्याला विसावाच दिला नाही. अधांतरी ठेवलेला स्वर, अतिसंथ लय आणि स्वरांमधली शांतता यांतून ती भीती तयार होते. सुमारे सव्वासहा मिनिटांच्या या गाण्याच्या शेवटी लय एकदम वेग घेते. पहिल्यांदा ऐकलेला हा क्षण अनेक श्रोते वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

सैतानपूजेचा आरोप कितपत खरा?

श्रोत्यांच्या मतांवर सर्वाधिक परिणाम झाला तो या आरोपाचा. काहींनी त्यापोटी अल्बम घरात येऊ दिला नाही, तर काहींनी नेमका त्याच आकर्षणापोटी विकत घेतला. प्रत्यक्षात शीर्षकगीतातील माणूस सैतानाला पाहून भेदरलेला आहे आणि देवाचा धावा करतो आहे. गीतकार बटलर कॅथलिक कुटुंबात वाढलेले. ‘द विझर्ड’ हे गाणे टॉल्किन यांच्या कादंबरीतील गँडाल्फ या जादूगारावरून सुचलेले, तर ‘बिहाइंड द वॉल ऑफ स्लीप’चे शीर्षक एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या कथेच्या नावाशी नाते सांगते.

मुखपृष्ठानेही गैरसमजाला हातभार लावला. ऑक्सफर्डशायरमधील मेपलडरहॅम येथील जुन्या पाणचक्कीसमोर काळ्या वस्त्रांतील स्त्री, असे ते छायाचित्र. तबकडीच्या पाकिटाच्या आतील बाजूस कंपनीने उलटा क्रूस छापला. बँडला त्याची कल्पनाही नव्हती. पुढे चौघेही गळ्यात क्रूस घालू लागले. ते ऑस्बर्न यांच्या वडिलांनी बनवून दिले होते.

श्रोते स्वतःही दंतकथा घडवतात, याचे उदाहरण म्हणजे ‘एन. आय. बी.’ हे गाणे. या तीन अक्षरांचा अर्थ ‘नेटिव्हिटी इन ब्लॅक’ असा काही तरी गूढ असणार, असे अनेकांनी ठरवून टाकले. १९९४ मध्ये बँडला मानवंदना देणाऱ्या अल्बमला तेच नाव देण्यात आले. खरी गोष्ट साधी आहे. वॉर्ड यांची टोकदार दाढी पेनाच्या निबसारखी दिसते, अशी मित्रांमध्ये थट्टा चाले. त्या ‘निब’मध्ये पूर्णविराम टाकले आणि गूढ तयार झाले!

आज श्रोत्यांमध्ये मतभेद कशावर आहेत?

पहिला वाद ‘हा पहिला हेवी मेटल अल्बम आहे का’ हाच. होकार देणारे शीर्षकगीताकडे बोट दाखवतात. यापूर्वी असे काही नव्हते, असा त्यांचा दावा. नकार देणारे ‘ब्लू चिअर’ या अमेरिकी बँडचा १९६८ मधील पहिला अल्बम किंवा ‘लेड झेपलिन’चे १९६९ मधील अल्बम पुढे करतात. तिसरा गट म्हणतो, की शीर्षकगीत मेटल आहे, पण अल्बमचा बराचसा भाग अजून ब्लूजच आहे. ‘द विझर्ड’मधील माउथ ऑर्गन आणि वॉर्ड यांचे जाझच्या अंगाने झुलणारे ड्रमवादन ऐकले, की या मतात तथ्य आहे हे मान्य करावे लागते.

दुसरा वाद ‘वॉर्निंग’वरून. दहा मिनिटांहून लांब असलेल्या या गाण्यात आयोमी यांचे दीर्घ एकल वादन आहे. काहींना ते भरकटलेले, वेळ भरून काढणारे वाटते. काहींच्या मते हाच अल्बमचा गाभा, कारण इथे क्लबमधला बँड जसाच्या तसा ऐकू येतो.

तिसरा वाद ‘पॅरनॉइड’शी तुलनेचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेला हा दुसरा अल्बम ब्रिटनमध्ये अव्वल ठरला. ‘वॉर पिग्ज’, ‘आयर्न मॅन’ आणि शीर्षकगीत यांमुळे तो अधिक बांधीव, अधिक परिचित. त्यामुळे ‘पॅरनॉइड’कडून मागे येणाऱ्या श्रोत्याला पहिला अल्बम कच्चा वाटतो. पहिल्यापासून सुरुवात करणाऱ्याला मात्र तोच कच्चेपणा प्रामाणिक वाटतो.

आवृत्तीमुळेही मत बदलते का?

बदलते. अनेकदा दोन श्रोते एकाच अल्बमबद्दल भांडत असतात, पण त्यांनी ऐकलेले अल्बम वेगळे असतात. ब्रिटनमधील मूळ तबकडीवर ‘ईव्हिल वुमन’ होते. अमेरिकी आवृत्तीत ते काढून ‘विकेड वर्ल्ड’ हे बँडचे स्वतःचे गाणे घेतले गेले. युद्ध आणि गरिबीवर बोलणारे हे गाणे ऐकलेल्या श्रोत्याला बँडचा सामाजिक सूर पहिल्याच अल्बममध्ये सापडतो. ब्रिटिश श्रोत्याला त्या जागी दुसऱ्याचे, काहीसे बाजारू गाणे मिळाले. पुढे सीडीच्या काळात अनेक आवृत्त्यांमध्ये दोन्ही गाणी देण्यात आली.

एक गैरसमजही इथे दूर करायला हवा. आयोमी यांनी तारा सैल करून, म्हणजे खालच्या स्वरात जुळवून तो जड आवाज मिळवला, असे अनेक जण या अल्बमबद्दल सांगतात. तो प्रयोग १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या तिसऱ्या अल्बममध्ये ठळकपणे आला. पहिल्या अल्बममध्ये गिटार नेहमीच्याच स्वरांत जुळवलेली आहे. जडपणा येतो तो लयीतून, वादनातून आणि बेस गिटार त्याच स्वरावलीला देत असलेल्या साथीतून. शिवाय ध्वनिमुद्रणादरम्यान आयोमी यांच्या नेहमीच्या गिटारमध्ये बिघाड झाला आणि सोबत असलेली दुसरी, गिब्सन एसजी, त्यांना घ्यावी लागली. पुढे तीच त्यांची ओळख बनली.

समीक्षकांनी मत बदलले का?

बदलले, पण सावकाश. सर्वात आधी बदलले ते लेस्टर बँग्ज. १९७२ मध्ये ‘क्रीम’ या नियतकालिकात त्यांनी बँडवर दीर्घ लेख लिहिला आणि या गीतांमागे नैतिक अस्वस्थता आहे, अशी दखल घेतली. ‘रोलिंग स्टोन’ने २००३ मध्ये सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमच्या यादीत या अल्बमचा समावेश केला. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकाच्या १०० मेटल अल्बमच्या यादीत ‘पॅरनॉइड’ पहिला आणि हा अल्बम पाचवा आला. २००६ मध्ये बँडला ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले.

बर्मिंगहॅमनेही आपल्या मुलांना उशिरा का होईना, मान दिला. २०१९ मध्ये शहरातील एका पुलाला बँडचे नाव देण्यात आले आणि शहराच्या संग्रहालयात बँडवर प्रदर्शन भरले. २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेच्या समारोपात ऑस्बर्न आणि आयोमी अवतरले, ते भारतीय प्रेक्षकांनीही पाहिले. २०२३ मध्ये बर्मिंगहॅम रॉयल बॅलेने त्यांच्या संगीतावर बॅले सादर केला. एके काळी ज्या संगीताला अभिरुचीहीन ठरवले गेले, ते बॅलेच्या रंगमंचापर्यंत पोहोचले.

मात्र म्हणून १९७० चे समीक्षक अगदीच चुकले होते, असे म्हणता येत नाही. ‘क्रीम’ बँडचा प्रभाव आहेच. ‘वॉर्निंग’ लांबलेले आहेच. दोष त्यांनी बरोबर मोजले. अल्बम कशासाठी आहे आणि कोणासाठी आहे, हे मात्र त्यांच्या नजरेतून निसटले. ते श्रोत्यांना समजले, कारण त्यांच्यापैकी अनेकांना तो आवाज ओळखीचा होता.

नव्या श्रोत्याने काय लक्षात घ्यावे?

जवळपास ३८ मिनिटांचा हा अल्बम तुकड्यांत ऐकला तर फसवा ठरतो. तो क्रमाने, शक्यतो हेडफोन लावून ऐकावा. पुढच्या ५० वर्षांत या संगीताची इतकी रूपे झाली, की पहिल्या ऐकण्यात ‘यात भयंकर काय आहे?’ असे वाटू शकते. शीर्षकगीताच्या संथपणातून पुढे ‘डूम मेटल’ ही शाखाच उभी राहिली, ‘मेटॅलिका’पासून ‘साउंडगार्डन’पर्यंत अनेकांनी हा वारसा घेतला. आपण परिणाम आधी ऐकले आणि कारण नंतर ऐकत आहोत, एवढे भान ठेवले तर अल्बमशी न्याय होतो. त्यानंतरही तो आवडला नाही, तर तेही मत तितकेच ग्राह्य.

५ जुलै २०२५ रोजी अ‍ॅस्टनमधील व्हिला पार्क मैदानावर बँडची अखेरची मैफल झाली. मूळ चौघे २० वर्षांनी एकत्र आले होते. पार्किन्सन्सने ग्रासलेले ऑस्बर्न आसनावर बसून गायले. चौघांनी मिळून चारच गाणी सादर केली : तीन ‘पॅरनॉइड’मधील आणि एक, ‘एन. आय. बी.’, पहिल्या अल्बममधील. त्यानंतर १७ दिवसांनी, २२ जुलै रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी ऑस्बर्न यांचे निधन झाले. पहिला अल्बम श्रेष्ठ की दुसरा, हा श्रोत्यांचा वाद बँडने त्या संध्याकाळी तीन विरुद्ध एक असा सोडवला, असे कोणी गमतीने म्हणेल. पण दाढीवरून नाव पडलेल्या त्या गाण्याला ज्या मैदानाने आवाज दिला, ते ऑस्बर्न यांच्या लहानपणीच्या घरापासून जवळच आहे.